व्हिडिओच्या टायटलमध्ये मराठी अक्षरं परत परत तुटतायत? फॉन्ट बदलायच्या आधी हे वाचा

तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडं उदगीर-देगलूर पट्ट्यात लग्नसराई सुरू होते आणि मला आठवड्यातून दोन-तीन फोन हमखास येतात. "दादा, टायटलमध्ये मराठी तुटूलालंय, कोणता फॉन्ट टाकू?" मी दरवेळी एकच सांगतो, बाबा फॉन्ट नंतर बघू, आधी स्क्रीनचा फोटो पाठव, कारण अक्षर कसं तुटलंय त्यावरनं कळतंय की बिघाड कुठं आहे. पण लोकं गडबडीत असतात, तीस-चाळीस फॉन्ट डाउनलोड करून बसतात, त्यातला एखादा नशिबानं लागतो, आणि पुढच्या लग्नाला परत तेच.

माझ्यासोबत काय झालं ते आधी सांगतो. धर्माबादचं वऱ्हाड होतं, मंगल कार्यालयात मोठी एलईडी वॉल लावलेली, प्री-वेडिंगचा व्हिडिओ मी केलेला. नेटवरनं एक विकत घेतलेलं टेम्प्लेट होतं, सोनेरी अक्षरं, फुलं पडतायत, दिसायला लई भारी. पहिलं टायटल होतं नवरानवरीच्या नावाचं, ते बरोबर आलं, कारण त्या नावात जोडाक्षरच नव्हतं. मी तेवढंच बघितलं आणि रेंडर (म्हणजे तयार व्हिडिओ काढायला) लावून दिलं. कार्यालयात सगळ्यांसमोर वॉलवर आलं "धर्‌माबाद", र चा पाय मोडलेला, म वर रफार नाही, आणि खाली "शुभ आशीर्‌वाद". नवरदेवाचे मामा माझ्यापाशी आले, चिडले नाहीत, फक्त म्हणले, "दादा, आमच्या गावाचं नाव असं कसं काय लिहिलाव?" मला काही बोलता आलं नाही. लोकांच्या घरचं कार्य असतंय, तो व्हिडिओ ते वीस वर्षं जपून ठेवणार, त्यात गावाचं नाव मोडकं असलं तर ते मोडकंच राहतंय. त्या रात्रीपासनं मी हा विषय नीट शिकायला घेतला आणि जे कळलं ते इथं लिहितोय.

पहिली गोष्ट डोक्यात बसवा. स्क्रीनवर मराठी अक्षर नीट यायला तीन गोष्टी लागतात. एक म्हणजे टाइप केलेला मजकूर, तो युनिकोडमध्ये (सगळीकडं चालणारी अक्षरं साठवायची पद्धत) पाहिजे. दुसरा फॉन्ट, त्यात मराठीची अक्षरं पाहिजेत. आणि तिसरी गोष्ट कुणी सांगतच नाही ती म्हणजे सॉफ्टवेअरच्या आतलं टेक्स्ट इंजिन, जे अक्षरांची जोडणी करतंय. इंग्रजीला जोडणी लागत नाही, ए नंतर बी नंतर सी, ओळीनं ठेवत गेलं की झालं. मराठीत तसं नाही. "धर्माबाद" टाइप केलं की कॉम्प्युटरमध्ये साठवलं जातंय ध, मग र, मग हलंत, मग म, मग काना. म्हणजे र हा म च्या आधी आहे, पण दिसायला तो म च्या डोक्यावर रफार होऊन बसला पाहिजे. "किनवट" मध्ये उलटं, साठवताना आधी क आणि मग ऱ्हस्व वेलांटी, पण दिसताना वेलांटी क च्या आधी. ही उचलून इकडची तिकडं ठेवायची कामं फॉन्टमधले नियम वाचून इंजिन करतंय. इंजिन इंग्रजीवाल्या सेटिंगवर असलं की ते काहीच उचलत नाही, जसं साठवलं तसं मांडून टाकतंय, म्हणून हलंत उघडा पडतो आणि वेलांटी अक्षराच्या पुढं जाऊन बसते. मग तुम्ही फॉन्ट कितीही बदला, मुक्ता टाका, बालू टाका, मंगल टाका, तुटायचं ते तुटणारच.

आता कसं तुटलंय ते बघा. चौकोनी डबे येत असले तर त्या फॉन्टमध्ये मराठी नाहीच, तेव्हा फॉन्ट बदला, सोपं आहे. गोल ठिपक्यांचं वर्तुळ दिसत असलं आणि त्याला मात्रा चिकटलेली असली तर त्या मात्रेला खाली धरायला अक्षरच नाही, म्हणजे टाइप करताना मधे स्पेस पडलीय किंवा एक मात्रा दोनदा पडलीय, ते खोडून परत टाइप करा. नुसती प्रश्नचिन्हं म्हणजे फाइल चुकीच्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झालीय. इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हांचा काला दिसत असला तर मजकूर युनिकोडच्या आधीच्या, श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या पद्धतीचा आहे. आणि हलंत उघडा, वेलांटी पुढं, रफार गायब, असं असलं तर इंजिन. माझ्याकडं येणाऱ्या फोनपैकी बहुतेक हेच शेवटचं असतंय.

इंजिनचा इलाज. प्रीमियर प्रो मध्ये एडिट, मग प्रेफरन्सेस, मग ग्राफिक्स, तिथं टेक्स्ट इंजिन म्हणून आहे, त्यात साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न निवडा. व्हर्जनप्रमाणे हे थोडं इकडंतिकडं असतंय, काही व्हर्जनला इसेन्शियल ग्राफिक्स पॅनलच्या कोपऱ्यातल्या मेनूत टेक्स्ट लेयर प्रेफरन्सेस मधे सापडतंय, तेव्हा नाही दिसलं तर घाबरू नका, शोधा. आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रेफरन्सेसमध्ये टाइप म्हणून भाग आहे, तिथं. फोटोशॉपमध्ये पण प्रेफरन्सेस, टाइप, तिथं जुन्याला मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन लिहिलेलं असतंय आणि नव्याला वर्ल्ड रेडी लेआउट. आणि इथंच पोरं फसतात बगा. सेटिंग बदलतात, टाइमलाइनवर येऊन बघतात, टायटल तसंच तुटलेलं, मग म्हणतात दादा तुम्ही सांगितलेलं चाललं नाही. अरे, जुना लेयर जुन्याच इंजिनवर बनलेला आहे, तो आपोआप सुधरत नाही. सेटिंग बदला, प्रोजेक्ट सेव्ह करा, सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून परत उघडा, आणि नवीन टेक्स्ट लेयर घेऊन त्यात टाइप करा. आफ्टर इफेक्ट्समध्ये तर नवीन प्रोजेक्टच उघडा, त्यात करून बघा. जुन्या लेयरची कॉपी करून त्यात नाव बदललं तर काही उपयोग नाही, कॉपीबरोबर बिघाड पण कॉपी होतोय.

मग हे परत परत का होतंय? कारण हे सेटिंग त्या कॉम्प्युटरवरच्या त्या सॉफ्टवेअरचं आहे. विंडोज नवीन मारली, प्रेफरन्सेस रीसेट केले, मित्राच्या दुकानात बसून काम केलं, की परत इंग्रजीवर. सीझन सुरू व्हायच्या आधी एकदा हे बघायचंच अशी सवय लावून घ्या.

आता टेम्प्लेटचं, माझा घोटाळा इथंच झाला होता. ते जे मोगर्ट (.mogrt, तयार टायटलची फाइल) वाले टेम्प्लेट मिळतात, त्यातले बरेचसे आफ्टर इफेक्ट्समध्ये बनवलेले असतात आणि बनवणाऱ्यानं स्वतःच्या कॉम्प्युटरवर इंग्रजीचं इंजिन ठेवूनच बनवलेले असतात. मग तुम्ही तुमच्या प्रीमियरमध्ये सेटिंग कितीही बरोबर करा, टेम्प्लेटच्या आतला टेक्स्ट लेयर बनवणाऱ्याच्याच इंजिनवर चालतोय. म्हणून काय होतंय, साधं टायटल नीट येतंय आणि टेम्प्लेटमधलं तुटतंय, आणि माणूस चक्रावून जातो. यावर उपाय असा की ती मोगर्ट फाइल आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रोजेक्ट म्हणून उघडायची, टाइपमधलं इंजिन आधीच बदललेलं पाहिजे, जुना टेक्स्ट लेयर आहे त्याच्या वर नवीन लेयर घ्यायचा, त्यात मराठी टाइप करायचं, जुन्यावरचे इफेक्ट आणि की-फ्रेम नव्यावर आणायच्या, आणि परत एक्स्पोर्ट करायचं. अर्धा-पाऊण तास जातो, पण एकदा केलं की ते टेम्प्लेट कायमचं मराठी होतंय. मी माझी अशी वेगळी फोल्डर केलीय आणि त्यातलंच वापरतो. विकत घेताना सुद्धा डेमो बघून पैसे देऊ नका, डेमोत इंग्रजीच असतंय.

जुन्या स्टुडिओवाल्यांचं दुखणं वेगळं आहे. एडियसवर (एडिटिंगचं सॉफ्टवेअर) श्रीलिपीत पंधरा वर्षं काम केलेली माणसं आहेत आपल्याकडं, त्यांचे हात बसलेत, आणि खरं सांगायचं तर श्रीलिपीत आहेत तसले झोकदार फॉन्ट युनिकोडमध्ये अजून पण कमीच सापडतात. त्या फॉन्टमध्ये काय आहे, मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात. म्हणून तिथं इंजिनची गरजच पडत नाही, तुम्ही रफाराचं बटण दाबलं की रफार येतो, आणि जुन्या सॉफ्टवेअरला पण ते न तुटता चालतंय. पण पत्रिकेचा मजकूर प्रिंटिंग प्रेसवाल्याकडनं तसाच उचलून युनिकोड फॉन्टमध्ये चिकटवला की तो काला दिसणार, आणि घरच्यांनी व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवलेलं नाव श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाकलं की तिथं पण काही उमटणार नाही किंवा सॉफ्टवेअर गुपचूप दुसराच फॉन्ट लावून देणार. दोन्हीकडं कन्व्हर्टर लागतो. आणि कन्व्हर्ट केल्यावर मजकूर वाचून काढा, आवाज काढून वाचा, रफार, ऱ्य आणि आकडे या तीन ठिकाणी कन्व्हर्टर हमखास अडखळतो. पीडीएफमधनं मराठी कॉपी करणं तर टाळाच, वेलांट्या कुठल्या कुठं जातात, त्यापेक्षा परत टाइप केलेलं बरं.

ऱ्य वरनं आठवलं. लग्नाच्या व्हिडिओत हे अक्षर टाळताच येत नाही हो, वऱ्हाडी, नवऱ्या मुलाकडील मंडळी, दुसऱ्या दिवशीची पूजा, सगळीकडं ते आहे. आणि दहातल्या पाच जणांच्या टायटलमध्ये मी "नवर्या" बघितलंय, म्हणजे य च्या डोक्यावर रफार. ते चूक आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, आचार्याला म्हणजे गुरूला आणि आचाऱ्याला म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला, एवढा फरक पडतो. हिंदीत हे अक्षर नाही, त्यामुळे हिंदीवाल्यांनी सांगितलेले उपाय इथं कामाला येत नाहीत. याला साधा र चालत नाही, खाली टिंब असलेला ऱ लागतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ येतो, मग डी दाबून हलंत, मग य किंवा ह. बरोबर टाइप करून सुद्धा टायटलमध्ये ऱ च्या खालचं टिंब आणि हलंत दोन्ही उघडे दिसले, तर आधी इंजिन तपासा, आणि इंजिन बरोबर असताना दिसले तर त्या फॉन्टला हे अक्षर जमत नाही, तो फॉन्ट मराठीसाठी सोडून द्या, कितीही देखणा असू द्या.

फॉन्टचाच विषय निघालाय तर, आपला ल आणि आपला श हिंदीपेक्षा वेगळा असतो हे बऱ्याच जणांनी कधी निरखून बघितलेलं नाही. पत्रिका आणि व्हिडिओ शेजारी ठेवून बघा. फॉन्टमध्ये दोन्ही आकार असले तरी एडिटिंगचं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा पहिला हिंदीचाच उचलतंय. ज्यात मुळातच मराठी वळण आहे असा फॉन्ट घ्या, तिरो देवनागरी मराठी हा तसा आहे, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, त्यातलं "लातूर" आणि "शुभविवाह" बघितलं की मन भरतं.

आता काही गोष्टी अशा आहेत की अक्षर तुटलेलं नसतंय पण तुटल्यासारखं दिसतंय. ट्रॅकिंग बघा. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये अक्षरं लांब लांब ठेवायची फॅशन आहे, ट्रॅकिंग शंभर, दोनशे असतंय. मराठीला ते लावलं की शिरोरेषा तुटते, प्रत्येक अक्षर आपापली छोटी टोपी घालून वेगळं उभं राहतं. ट्रॅकिंग शून्य करा, मोकळं पाहिजे असलं तर शब्दांमधली जागा वाढवा. दुसरं म्हणजे स्ट्रोक. अक्षराला काळी किनार दिली की शिरोरेषेच्या आत, दोन अक्षरं जिथं जुळतात तिथं उभी काळी रेघ दिसते, "पूर्णा" लिहिलं की रफार आणि काना यांच्या मधनं किनार जाते. लोकं फॉन्ट खराब म्हणून टाकून देतात. आफ्टर इफेक्ट्समध्ये त्या टेक्स्ट लेयरच्या मोअर ऑप्शन्समध्ये फिल अँड स्ट्रोक म्हणून आहे, तिथं ऑल फिल्स ओव्हर ऑल स्ट्रोक्स करा, आतल्या सगळ्या रेघा रंगाखाली जातात आणि किनार फक्त बाहेरून राहते. मला हे कळायला वर्ष लागलं, तोपर्यंत मी प्रत्येक नावाचे दोन लेयर करून एकाखाली एक ठेवत होतो.

टाइपरायटरचा इफेक्ट पण असाच. एक एक अक्षर उमटत जाणारा. मराठीत तो हलंत आणि मात्रासुद्धा वेगळं अक्षर धरून मोजू शकतो, मग "ज्ञानेश्वर" येताना आधी ज, मग हलंतवाला ज्, मग एकदम ज्ञ, असं उड्या मारत येतं. रेंज सिलेक्टरच्या ॲडव्हान्स्डमध्ये बेस्ड ऑन आहे, तिथं कॅरेक्टर्सच्या जागी वर्ड्स करा, शब्द अख्खा येईल. अक्षर अक्षरच पाहिजे असलं तर डावीकडून उजवीकडं मास्क सरकवा, ओळ हळूहळू उघडत जाते आणि मोडतोड होत नाही.

आणि ओळींमधलं अंतर. आपल्या अक्षराला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. इंग्रजीच्या मापानं लीडिंग ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो, आणि टेम्प्लेटमध्ये मास्क असला तर वरचा भाग सरळ कापला जातो. मी अक्षराच्या साइजच्या साधारण दीडपट ठेवतो.

घरी नीट दिसतंय आणि दुकानातल्या मशीनवर फॉन्ट बदलतोय असं होत असलं तर फॉन्ट कसा इन्स्टॉल केलाय ते बघा. विंडोज १० च्या १८०९ व्हर्जनपासून पुढं फॉन्टवर डबल क्लिक करून इन्स्टॉल केलं की तो फक्त त्या एका यूजरपुरता बसतो आणि काही सॉफ्टवेअरला तो दिसतच नाही. राइट क्लिक करून इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स करा. प्रोजेक्ट दुसऱ्याला देताना फॉन्टची फाइल सोबत द्या.

सबटायटलच्या एसआरटी फाइलला प्रश्नचिन्हं येत असली तर नोटपॅडमध्ये सेव्ह ॲज करताना खाली एन्कोडिंगमध्ये एएनएसआय आहे का बघा, ते यूटीएफ-८ पाहिजे. एएनएसआयमध्ये सेव्ह करून बंद केलेली फाइल परत मिळत नाही, त्यातलं मराठी गेलं ते गेलं, म्हणून मूळ मजकूर वेगळा जपून ठेवा.

सगळं करून पण होत नसलं, उद्या सकाळी हळद आहे आणि हातात रात्रच आहे, तर वेळ घालवू नका. फोटोशॉप, इंकस्केप, नाहीतर मोबाइलवर पिक्सेललॅब, जिथं मराठी नीट दिसतंय तिथं टायटल बनवा, बॅकग्राउंड पारदर्शक ठेवून पीएनजी काढा आणि टाइमलाइनवर वरच्या ट्रॅकला टाका. व्हिडिओ १९२० बाय १०८० असला तर पीएनजी पण तेवढीच किंवा मोठी, छोटी काढून ताणली की कडा फाटतात. चित्रच असल्यामुळे कुठल्याही कॉम्प्युटरवर ते बदलत नाही. फक्त नावात चूक निघाली तर परत बनवावं लागतं. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरवाल्यांनी साधं टेक्स्ट आणि टेक्स्ट प्लस दोन्हीत एकदा टाइप करून बघा, एकात तुटलं तर दुसरं बघा, नाहीतर ही पीएनजीची वाट आहेच. पैसे नसले तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह वापरा, फुकट आहेत, मराठीची जोडणी त्यांना मुळातच जमते.

मी आता कुठलंही टेम्प्लेट, फॉन्ट किंवा नवीन ॲप हातात आलं की आधी एक ओळ चिकटवतो, ती डेस्कटॉपवर नोटपॅडमध्ये ठेवलेलीच आहे: "श्रीक्षेत्र तुळजापूर, पूर्णा, धर्माबाद, किनवट, हिंगोली, वऱ्हाडी, ज्ञानेश्वर, ट्रॅक्टर". किनवटमध्ये वेलांटी कळते, हिंगोलीत वेलांटी आणि अनुस्वार एकावर एक बसतात का ते कळतं, पूर्णा आणि धर्माबादमध्ये रफार, वऱ्हाडीत आपला खास ऱ्ह, आणि ट्रॅक्टरमध्ये ट च्या पायातला र आणि डोक्यावरचा चंद्र दोन्ही. ही आठ नावं न मोडता आली की मग खरी नावं टाकायची. आणि रेंडर झाल्यावर फक्त पहिलं टायटल नाही, शेवटच्या "आपले विनम्र" पर्यंत एक एक थांबवून वाचायचं, घरातल्या दुसऱ्या कुणाकडनं तरी, माझ्याकडं माझी आई वाचते.

फोन करणार असाल तर सोबत तुटलेल्या टायटलचा स्क्रीनशॉट, सॉफ्टवेअरचं व्हर्जन, फॉन्टचं नाव आणि ते टेम्प्लेट आहे का साधा लेयर आहे एवढं पाठवा, संध्याकाळी आठनंतर मी बसलेलाच असतो.